जानेवारीत पाइन लावू नये

माझ्या भाच्याला, क्लेमेंटला, तो पोरवयात असताना मी दोनदा ओढ्यातून बाहेर ओढून काढलं आहे. दुसऱ्या वेळी उगाच काढलं, असं मला त्या जानेवारीच्या सकाळी वाटलं.

तो आता प्रांताच्या हिरवाई कार्यालयात साहेब आहे. माझ्या रोपवाटिकेत उभा राहून त्याने पिशव्यांच्या ओळींवरून नजर फिरवली. लग्नाच्या आदल्या दिवशी पाहुणे बांधलेल्या डुकराकडे बघतात, अगदी तशी.

"आंटी गुस्ता, रोपं झकास झालीत. बुधवारी लावून टाकू. राजधानीतून मोठे साहेब येतायत, स्वतःच्या हाताने लावणार."

"कुठल्या बुधवारी?"

"या."

"क्लेमेंट, पाऊस ऑक्टोबरच्या शेवटी गेला. आता मे उलटल्याशिवाय यायचा नाही."

"टँकर सांगितलाय ना."

"किती वेळा?"

"त्या दिवशी."

"एकदा?"

"फोटोच्या आधी एकदा," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला झऱ्याच्या वरच्या उतारावर नेलं. नवे बूट सुकलेल्या गवतावरून घसरत होते, ते मला बरं वाटलं. पहारीने एक खड्डा केला आणि म्हटलं, घाल हात. घातला. कोपरापर्यंत गेला आणि कोरडा बाहेर आला. बाहीवर राखेसारखी धूळ.

"यात लावणार तुझा साहेब?"

"साहेबांची तारीख मी नाही ठरवत, आंटी. योजनेचं वर्ष त्यानंतरच्या सोमवारी संपतं. सोमवारपर्यंत रोप जमिनीत गेलं नाही तर ते लागलंच नाही असं धरतात."

"आणि मंगळवारी मेलं तर?"

"ते पुढच्या वर्षात येतं."

रोपवाटिकेच्या पिशव्या आणि वरची हिरवी जाळी त्याच्याच कार्यालयाने दिलेली. आमच्या कुळाच्या म्हाताऱ्यांनी त्या कागदावर अंगठे उठवलेले. तेव्हा रोपं माझी की त्यांची, यावर भांडत बसण्यात अर्थ नव्हता. मी भांडले तरीही. भांडण संपलं तेव्हा तो गाडीत बसून निघूनही गेला होता.

त्या दोन हजार सहाशे चाळीस रोपांसाठी मी एवढी का जळत होते, ते सांगायला हवं.

आमच्या कुळाचं पाइनचं रान त्या उतारावर होतं. तेव्हा तीन वर्षं होत आली होती, मार्चमध्ये ते जळलेलं. कुणीतरी बांधावरचं गवत पेटवलं आणि वारा फिरला. कुणी पेटवलं ते मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक आहे. दर रविवारी चर्चमध्ये तो माझ्या मागच्याच बाकावर बसतो आणि सगळ्यांत मोठ्याने गातो. वरच्या टोकाला दोन झाडं वाचली, बुंध्यापर्यंत काळी पडलेली. त्या जूनमध्ये पहिल्या पावसात त्यांचं बी राखेतून असं उगवलं की उताराला मिसरूड फुटल्यासारखं दिसायला लागलं. सगळं गाव खूश. गावातल्या म्हाताऱ्यांचा म्होरक्या कापुयान, ज्याला सगळे मानाने लाकाय म्हणतात, तो म्हणाला, रान आपलं आपण येतं, त्याला बाईची गरज नाही.

मी दहा पावलांचा एक चौकोन दोरीने आखला आणि मोजलं. चारशे बारा कोंब. ऑगस्टमध्ये पाऊस तीन आठवडे गेला. पूर्वी असा जात नसे, आता जातो. कोंबांची मुळं बोटभर, आणि माती वरून चार बोटं सुकलेली. सप्टेंबरात पुन्हा मोजले तर नऊ. नऊच्या नऊ दगडांच्या किंवा जळक्या खुंटांच्या उत्तरेच्या अंगाला, जिथे दुपारचं ऊन पोचत नाही आणि पहाटेचं धुकं दगडावरून ठिबकतं. फेब्रुवारीच्या वाऱ्यानंतर तीन उरले. ते तीनही कुणाच्या तरी म्हशीने खाल्ले.

मग मी जळक्या खोडांची वर्तुळं मोजत बसले. हिवाळाभर लोक म्हणायचे, गुस्ताला नवरा गेल्यापासून लाकडांशी बोलायचा नाद लागला. एकशे साठ खोडं मोजली. त्यातली जवळजवळ सगळी चारच वर्षांत जन्मलेली. पाऊस मेमध्ये लागला आणि नोव्हेंबरपर्यंत हलला नाही अशी ही चार वर्षं, म्हाताऱ्यांना अजून आठवतात. मधल्या सगळ्या वर्षांचं बी पडलं, उगवलं आणि मेलं. रान दरवर्षी थोडं थोडं वाढतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा खोड कापून बघावं.

म्हणून मी त्या दोन झाडांचे शंकू उतरवले, बी काढलं, प्रत्येक पिशवीत जुन्या पाइनखालची मूठभर माती घातली. त्या मातीतली पांढरी बुरशी मुळांना बिलगल्याशिवाय पाइन पिवळा पडतो. पेरून अकरा महिने झाले होते. एवढ्यात त्या दोन झाडांतलं एक वाळलं आणि दुसऱ्याने शंकू धरणं सोडलं. दुसऱ्या डोंगराचं बी त्या खडकाळ उतारावर टिकत नाही, हे आम्ही माझ्या सासऱ्याच्या काळात एकदा करून बघितलं आहे. म्हणजे रोपं एवढीच. जूनमध्ये लावली तर पाच महिन्यांचा ओलावा मिळून मूळ हातभर खाली जाणार. जानेवारीत लावली तर फोटो मिळणार.

क्लेमेंट गेला त्याच दुपारी मी दाप-आयवर गेले. गावातल्या म्हाताऱ्यांची ती गोल दगडी बैठक. बाईने आत बसायचं नसतं, म्हणून मी कडेला उभी राहिले. लाकाय कापुयान कॉफी पीत होता.

"लाकाय, ओबाया सांगा. पाण्यासाठी. झरा मनगटाएवढा होता, अंगठ्याएवढा झालाय."

ओबाया सांगितला की तीन दिवस गाव बंद. रस्त्यावर गवताच्या गाठी मारून ठेवतात. बाहेरचा आत येत नाही, आतला शेतात जात नाही, मातीला कुणी हात लावत नाही. त्या गाठी ओलांडायची छाती आजवर कुठल्या सरकारी गाडीला झालेली नाही.

"बायकांनी मागायची गोष्ट आहे का ती?" कापुयान म्हणाला. "आणि बुधवारी समारंभ आहे. आम्हाला बोलावलंय."

"बोलावलंय तर. खुर्च्यांचा कागद बघितला मी क्लेमेंटच्या हातात. तुमची दुसऱ्या रांगेत आहे."

त्याने कप खाली ठेवला. "दुसऱ्या?"

"पहिल्या रांगेत टँकरवाल्या ठेकेदाराची बायको आहे."

मी खोटं बोलले नाही. रांग खरंच दुसरी होती. मी फक्त मोजून सांगितली.

"झरा फारच बारीक झालाय, हे खरं," कापुयान इतरांकडे बघत म्हणाला. मंगळवारी पहाटे गाठी पडल्या.

बुधवारी गाड्या आल्या तशा वळल्या. क्लेमेंट गाठींपाशी उतरला, पण पाय पुढे टाकला नाही. शेवटी आमच्यातलाच पोर. पलीकडूनच ओरडला, "शनिवारी येतो, आंटी! शुक्रवारी कोंबडं आरवायच्या आत उठतोय ना ओबाया?"

मी हसून हात हलवला. आणि हसता हसता मला रोपवाटिका आठवली.

रोपवाटिका शेताच्या पायरीवर आहे. पिशवीतली मूठभर माती, जानेवारीचा सुका वारा. रोज पाणी लागतं, फार तर एक दिवस चुकवता येतो. आणि ओबायात शेतावर पाणी नेणं म्हणजे मातीला हात लावणंच. साठ वर्षं ओबाया पाळलेल्या बाईला हे सुचू नये! पण साठ वर्षांत तो मी कधी स्वतः मागितला नव्हता. दुसऱ्याने लादलेला नियम माणूस नीट वाचतो. स्वतःच्या सोयीचा असला की अर्धाच.

संध्याकाळी कुंपणाबाहेरून बघितलं. कडेच्या ओळीतले शेंडे मान टाकून उभे होते.

लपूनछपून करायची मला सवय नाही. गावाच्या डोळ्यांदेखत दोन डबे भरले आणि चालत गेले. शेजारची विनी ओट्यावर बसली होती. ती मला मनांग म्हणते, म्हणजे थोरली बहीण, आणि मी तिला आडिंग, म्हणजे धाकटी.

"मनांग! डोकं फिरलं का तुझं? ओबाया आहे!"

"ठाऊक आहे, मीच मागितलाय."

"मग तूच मोडतेस?"

"रोपांना पाणी घालतेय, आडिंग. डुक्कर नाही मारत."

तासाभरात दाप-आयवरून बोलावणं आलं. एक कोंबडी शुद्धीसाठी द्यायची, हे मला अपेक्षितच होतं. पण कापुयानने पुढचं सांगितलं ते नव्हतं.

"मोडलेला ओबाया धरत नाहीत. उद्या पहाटेपासून पुन्हा तीन दिवस."

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. घरी येताना मी बोटांवर मोजलं आणि मला राग येण्याऐवजी हसू आलं. शनिवारी क्लेमेंट पुन्हा गाठींपलीकडे उभा राहणार होता. शुक्रवारी रोपांना पुन्हा पाणी लागणार होतं. ते मी घालणार होते. म्हणजे पुढचे तीन दिवस शनिवार, रविवार, सोमवार. आणि सोमवारी योजनेचं वर्ष संपत होतं.

इतका चोख हिशेब देवानेसुद्धा कधी मला करून दिला नव्हता.

शुक्रवारी मी डबे घेऊन निघाले तेव्हा विनी रस्त्यातच आडवी उभी होती. ती रागावली की तिचा आवाज बारीक होतो. तेव्हा तर कुजबुजच होती.

"शेंगा तयार आहेत माझ्या. चार दिवस वेलावर लोंबतायत."

"मला माहितेय."

"माहितेय? उद्या भाजीचा ट्रक खाली थांबतो. परवा त्या शेंगा निबर होतात, मग त्या डुकराला घालायच्या. तीन महिने मी झऱ्यावरून पाणी वाहिलं त्या वेलांना. तुझ्यासारखंच. डोक्यावरून."

"विनी, ही रोपं गेली तर तो उतार गेला. उतार गेला तर झरा..."

"मला झरा शिकवू नकोस!" आता आवाज चढला. "तुझी झाडं वीस वर्षांनी झऱ्याला पाणी आणतील. मी तेव्हा कुठे असेन? मला जून महिन्यात तांदूळ लागतो. तू क्लेमेंटवर रागावलीस ना? मग जा, त्याच्या टाळक्यात डबा घाल. आमच्या शेंगा का सुकवतेस?"

खरी गोष्ट सांगायची तर क्लेमेंट तिकडे प्रांताच्या गावात गरम भात खात होता, मोठे साहेब विश्रामगृहात होते, आणि त्यांच्या तारखेची किंमत विनीच्या मांडवावर लोंबत होती. ती त्यांच्याकडून घेता येत नाही म्हणून मी विनीकडून घेतली. मी तिच्या बाजूने वळसा घालून गेले आणि पाणी घातलं. पाठीमागे ती काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही, पण नेमकं होतं.

दाप-आयवर या वेळी कॉफी नव्हती.

"गुस्ता," कापुयान म्हणाला, "तू आमच्या ओबायाला कुंपण समजलीस. बकऱ्या आत येऊ नयेत म्हणून घालायचं कुंपण."

"कुंपण तुम्हीच घातलंत, लाकाय. मी फक्त फाटकातून ये-जा करतेय."

"जिभेला हाड नाही. ऐक. उद्यापासून शेवटचे तीन. तू पुन्हा मोडलास तर नवीन सांगणार नाही. गाठी सोडून टाकू. येऊ दे त्यांना, लावू दे काय लावायचं ते. ओबायाची थट्टा होण्यापेक्षा रान गेलेलं परवडलं."

कोंबडी घेतलीच. ती मात्र सोडली नाही.

शनिवारी क्लेमेंट आला, गाठी बघितल्या आणि ओरडला नाही. गाडीच्या टपावर हात ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाला, "सोमवारी दुपारपर्यंत थांबतो, आंटी. खाली वळणावर." त्याला सगळं कळलं होतं. मूर्ख नाहीच तो, हेच तर दुखणं.

रविवार. शुक्रवारपासून पाणी नाही आणि वारा असा की ओठ फुटावेत. चर्चमधून परत येताना मी रोपवाटिकेपाशी थांबले. खालच्या तीन ओळी गेल्यातच जमा होत्या. सुया करड्या पडलेल्या. पाणी घालावं तर गाठी सुटतात, आणि सगळीच्या सगळी कोरड्या खड्ड्यात जातात. न घालावं तर सोमवार संध्याकाळपर्यंत किती उरतील ते मोजून सांगता येत नव्हतं. मी कुंपणाच्या खांबाला हात धरून उभी राहिले आणि मला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या दिल्या. क्लेमेंटला, त्याच्या साहेबाला, कापुयानला, ऑगस्टच्या पावसाला, आणि हे सगळं माझ्या एकटीवर टाकून मेलेल्या नवऱ्यालासुद्धा.

तेवढ्यात खालून खडखड ऐकू आली. विनी आपल्या मांडवात उभी होती, चर्चच्या कपड्यांतच, पाठीला टोपली. भर दुपारी, गावासमोर, शेंगा तोडत होती. हळूहळू नाही. ओरबाडत होती. वेलांसकट ओढत होती, पाय मातीत रोवून.

"विनिफ्रेड!" कुणीतरी वरून हाक मारली. "ओबाया!"

"मोडला!" ती ओरडली. "सांगा त्या म्हाताऱ्यांना! कोंबडी घ्यायला या, आणि येताना माझ्या शेंगा खायला दात घेऊन या!"

दाप-आयवर त्या संध्याकाळी बराच वाद झाला. मला बोलावलं नव्हतं, पण ती बैठक उघड्यावर असते आणि माझे कान चांगले आहेत. एक म्हणाला, गाठी सोडा. कापुयान म्हणाला, सोडायचं ते गुस्ताने मोडला तर. मी तसंच बोललो होतो. आज विनीने मोडलाय. तिचा हा पहिलाच. पहिल्याला नियम काय? पुन्हा तीन दिवस. मग गुस्ताला एक नियम आणि विनीला दुसरा कसा लावणार? आपल्याच शब्दात म्हातारा असा अडकला की तो शब्द फिरवण्यापेक्षा त्याने गाव आणखी तीन दिवस बंद ठेवणं पसंत केलं.

सोमवारी दुपारी खालच्या वळणावर बँडचा आवाज आला. गावाच्या हद्दीबाहेर, रस्त्याच्या कडेला, त्यांनी ट्रकमधून आणलेली कसलीशी तीनशे रोपं लावली. टँकर एकदा फिरला. गाड्या गेल्या. मी रोपांना पाणी घातलं, भर उजेडात. कापुयानने त्या दिवशी माझ्याकडे बघितलंच नाही. मान वळवून दुसरीकडे बघत बसला, आणि गाठी आपोआप गुरुवारी पहाटे सुटल्या.

सातशे सहा रोपं मेली. एक हजार नऊशे चौतीस उरली. भाजीचा ट्रक विनीच्या शेंगांशिवाय शनिवारीच गेला होता. त्या निम्म्या तिने आणि निम्म्या डुकराने खाल्ल्या. ती माझ्याशी बोलायची थांबली. रस्त्याच्या कडेची तीनशे मी एप्रिलमध्ये जाऊन बघितली. एकही नाही. काही ठिकाणी तर काडीसुद्धा नाही, नुसती खुणेची फळी.

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागला. पाच दिवस पडू दिला, माती खोलवर भिजू दिली, आणि सहाव्या दिवशी उतारावर लावणी काढली. दगडांच्या आणि खुंटांच्या उत्तरेला आधी, मोकळ्यावर मग. गावातून बावीस माणसं आली. कापुयान आला नाही, सून पाठवली. विनी आली. माझ्यापासून सर्वांत लांबची ओळ धरली, मान खाली, पहार चालू.

दुपारी क्लेमेंट छत्री घेऊन वर आला. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद.

"आंटी, छान काम चाललंय. एक छोटीशी सही हवी होती. म्हणजे, ती रस्त्यावरची रोपं... तपासणी आहे पुढच्या महिन्यात. इथली तीनशे त्या यादीत दाखवली तर आकडा जुळेल. जानेवारीत लावली, जगली. कुणाचंच नुकसान नाही."

"जानेवारीत लावली," मी म्हटलं.

"कागदावर."

"आणि पुढच्या जानेवारीत तुझा साहेब म्हणेल, बघा, जानेवारीत लावलेली जगतात. मग सगळ्या डोंगरावर जानेवारीत लावा."

छत्रीवरून पाणी त्याच्या बुटांत पडत होतं. "माझी नोकरी आहे, आंटी," तो हळूच म्हणाला, आणि त्या क्षणी तो अगदी ओढ्यातून काढलेल्या पोरासारखा दिसला. मी बहिणीचा विचार केला. माझा हात कागदाकडे गेला, हे मी लपवणार नाही.

लांबच्या ओळीतून पहारीचा आवाज थांबला.

"सही केलीस ना, मनांग," विनी तिथूनच म्हणाली, जानेवारीनंतर पहिल्यांदा, "तर मी ही ओळ आता उपटून टाकते. माझ्या शेंगा तुझ्या सहीसाठी नव्हत्या सुकल्या."

आवाज बारीक होता. म्हणजे खरंच उपटली असती.

मी कागद क्लेमेंटच्या छातीला टेकवला. त्याने तो धरला, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. मग मी त्याची छत्री मिटवली आणि त्याच्या हातात रोपांची पाटी दिली.

"वर अजून चारशे खड्डे आहेत. पाऊस रात्रीपर्यंत आहे."